आईच्या वाटीतला लेप

७ फेब्रुवारी

आज सराफाच्या दुकानात मला ह्यांची आई ठरवण्यात आलं.

भाच्याच्या साखरपुड्याची अंगठी घ्यायला गेलो होतो. काउंटरवरच्या पोराने ह्यांच्याकडे बघून विचारलं, "भाऊ, आईंना खुर्ची देऊ का?" हे केस रंगवतात, मिशी रंगवतात, शर्ट आत खोचतात. त्यामुळे सत्तावन्नचे असून पंचेचाळिशीचे दिसतात असा त्यांचा समज आहे आणि आज त्याला दुकानाचा शिक्का मिळाला. हसले. रिक्षात बसेपर्यंत हसत होते. मी म्हटलं, एवढं काय झालं? तर म्हणे, "पोरगं आहे गं, चुकलं." चुकलं तर मग हसायचं कशाला?

घरी येऊन दिवा लावून आरशात बघितलं. कपाळावर तीन आठ्या, न रागावता. डोळ्यांच्या कडेला कोंबडीने पाय पुसल्यासारखं. नाकापासून ओठापर्यंत दोन रेघा. चोपन्नाव्या वर्षी हे असायचंच, मला मान्य आहे. पण आई? ह्यांची?

१० फेब्रुवारी

काल पिंपळनेरला साखरपुडा झाला. प्रेमराजने (माझा भाऊ) खर्च भरपूर केला, जेवण बेताचं होतं. ते असो.

लिहायचं आहे ते मालाबद्दल. माझी धाकटी बहीण, माझ्याहून सहा वर्षांनी लहान, धुळ्याला असते. हॉलमध्ये आली तर क्षणभर मला वाटलं तिची मुलगीच आली. चेहरा सोललेल्या अंड्यासारखा, कपाळावर एक रेघ नाही. आठ महिन्यांपूर्वी आईच्या दहाव्याला भेटली तेव्हा तीही माझ्यासारखीच सुरकुतलेली होती, मी काही आंधळी नाही.

सगळ्या बायकांत मी विचारलं, "माला, काय लावतेस गं?" तिच्या दोन्ही जावा वळून बघायला लागल्या. मालाने बांगड्या सारख्या केल्या आणि म्हणाली, "काही नाही अक्का, आईचा लेप."

आईचा लेप! मला माहीतच नव्हता. जावांनी माना डोलावल्या आणि जेवायला गेल्या. मी मात्र तिथेच उभी.

खरं लिहायचं तर मला आनंदाआधी वाईट वाटलं. शेवटचे आठ महिने आई मालाकडे होती. इकडे ह्यांचं हृदयाचं ऑपरेशन झालेलं, मला घर सोडता येत नव्हतं. फोन केला की आई तिच्या अहिराणीत म्हणायची, "जेवनी का?", जेवलीस का, आणि फोन मालाच्या हातात द्यायची. आईचं सोनं दोघींत सारखं वाटलं, लुगडी वाटली. पण बोलणं सगळं मालाकडे राहिलं. माझ्या वाट्याला आईचा शेवटचा शब्द म्हणजे "जेवनी का".

म्हणून मी आज ठरवलं, लेप शिकायचा. सुरकुत्या जावोत न जावोत.

१६ फेब्रुवारी

धुळ्याला जाऊन आले. आधी फोनवर विचारलं तर माला म्हणाली, "फोनवर काय सांगू, ये कधीतरी." मी दुसऱ्याच दिवशी गेले. मला बघून दचकली. मला आवडतं तिला असं दचकवायला.

लेप असा: जवस तव्यावर काळपट होईतो भाजून कुटायचे, पिकलेलं केळं, हळद, मध, आणि लिंबाचे थेंब. सकाळी लावायचा, सुकला की धुवायचा. सांगताना माला मध्येच थांबायची, फळीवरच्या डब्यांकडे बघायची, मग पुढचं सांगायची. आईची आठवण येत असणार. मलाही येत होती, मी जास्त खोदून विचारलं नाही.

एक गोष्ट मात्र विचारली. आईला जवसाचा वास सहन व्हायचा नाही. आमच्या घरात जवसाची चटणी कधी झाली नाही, शेजारून आली तरी ती ताटलीसकट परत पाठवायची. मग लेपात जवस कसे? माला म्हणाली, "म्हणूनच तर भाजायचे ना अक्का. भाजले की वास जातो." बरोबर आहे. औषध म्हटलं की माणूस काय काय सहन करतो.

निघताना मी म्हटलं, आई कशात कालवायची ते भांडं तरी दाखव. ती आत गेली, बराच वेळ काहीतरी धुंडाळत होती, आणि एक लहानशी पितळी वाटी घेऊन आली. "हीच. ने तू. घासून घे मात्र."

बसमध्ये पारोळ्यापर्यंत मी ती वाटी मांडीवर धरून बसले होते. आत काळं पुट चढलेलं आणि करपट वास. जवस जास्तच भाजत असणार आई.

१७ फेब्रुवारी

वाटी चिंच आणि राखेने घासली. पुट काही केल्या निघेना. हाताने सुटत नव्हतं म्हणून काथ्याने घासलं, मग पुन्हा चिंच. दुपारपर्यंत आतून सोन्यासारखी झाली. समोरच्या सूरजबाई (मारवाडी आहेत, दिवसातून दोनदा येतात, एकदा दूध उसनं न्यायला आणि एकदा ते परत द्यायला) म्हणाल्या, "एवढी घासताय, मोडीत द्यायची आहे का?" मी म्हटलं, "आईची आहे." मग दुधाचं भांडं घेऊन गेल्या.

२२ फेब्रुवारी

हे म्हणाले, प्रयोगच करायचा तर नीट कर, डाव्या गालाला लाव, उजव्याला लावू नको, मग कळेल. मला पटलं. चार-पाच दिवस तसंच चाललंय.

लेप लावून अंगणात बसायचं, तोंड हलवायचं नाही. हे चहा मागतात तर हाताने नाही म्हणता येतं, हे या लेपाचं पहिलं सुख. खरं सुख वेगळं आहे. वाटीत बोट फिरवताना वाटतं, आईचं बोट इथूनच फिरलं असेल. मी तिच्याशी बोलते, मनातल्या मनात. परवा सराफाच्या दुकानातली गोष्ट सांगितली. ती असती तर ह्यांना चांगली ऐकवली असती.

१ मार्च

निकाल. धुतल्यावर डावा गाल मऊ लागतो, तुकतुकीत दिसतो, रेघा बुजल्यासारख्या वाटतात. दुपारी चारला पुन्हा होत्या तिथे.

ह्यांना विचारलं, कोणता गाल चांगला? बराच वेळ बघून, स्वतःच सांगितलेलं विसरून म्हणाले, "लेप कोणत्या बाजूला लावतेस?" सूरजबाईंनी ताबडतोब उजवा सांगितला. त्यांचा मुलतानी मातीवर विश्वास आहे, त्यांचं मत धरायचं नाही.

मालाला विचारलं, तुला किती दिवसांनी गुण आला? म्हणाली, "आला हळूहळू. तुझी कातडी जाड आहे गं अक्का, वेळ लागेल." मी म्हटलं, आई काय म्हणायची, किती वेळ ठेवायचा? "आई म्हणायची, मन लावून केलं की होतं." हे आईचं वाक्य वाटत नाही. पण आजारात माणूस मऊ होतं. मला ते वाक्य आवडलं, म्हणून इथे लिहून ठेवते.

१४ मार्च

माला नाशिकला दाताच्या डॉक्टरकडे गेली होती. संध्याकाळी व्हिडिओवर बोललो. कपाळावर बारीक लाल ठिपके, अगदी ओळीने. विचारलं तर म्हणाली, नाशिकला डास फार. धुळ्याचे डास सोडून नाशिकच्या डासांना नावं ठेवते! मी तिला कडुनिंबाचा पाला सांगितला.

दातांचं फार मनावर घेतलंय तिने. डिसेंबरातही गेली होती.

२६ मार्च

लेप कॉलनीत पसरलाय. डिंपल (वरच्या मजल्यावरची, लग्नाला वर्षही झालं नाही) रोज लावते आणि म्हणते, काकू, काय फरक पडला! तिच्या चेहऱ्यावर पुसायला एक रेघ नाही. पण मला बरं वाटतं. बायका विचारतात, "तुमच्या आईंचा लेप कसा करायचा?" मी सांगते, आणि प्रत्येक वेळी आईचं नाव निघतं. गेल्यावर कोणाचं नाव एवढं निघतं?

माझ्या चेहऱ्यावर मात्र काही नाही. माला वैतागून म्हणाली, "मग लिंबू वाढव ना." वाढवते.

३ एप्रिल

घात झाला. कुरडयांचा दिवस होता. पहाटे चीक शिजवला, गच्चीवर साड्या अंथरल्या. लेप चुकवायचा नाही म्हणून तोंडाला लावूनच वर गेले, अर्धं लिंबू पिळलेला. म्हटलं, उन्हात लवकर सुकेल. कुरडया घालता घालता अकरा वाजले. एप्रिलमधलं जळगावचं ऊन काय असतं ते जळगावकरांना सांगायला नको, आणि मी जळगावकर आहे, तरी मला कळलं नाही. धुवायला गेले तर दोन्ही गाल पेटले. (आता मी दोन्ही गालांना लावते.)

संध्याकाळी आरशात बघवेना.

५ एप्रिल

गालावर काळे चट्टे. ह्यांनी हसू आवरलं, उलट स्वतःच रिक्षा बोलावून कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. बाई तरुण आहेत, बोलायला बऱ्या. म्हणाल्या, लिंबू लावून उन्हात गेलं की असंच भाजतं. डाग जातील, वेळ लागेल. मी विचारलं, घरगुती लेपाने सुरकुत्या जातात का? म्हणाल्या, केळं, मध, तेल यांनी कातडी ओलसर राहते, म्हणून दोन-चार तास बरी दिसते. पडलेली सुरकुती लेपाने जात नाही. नवी लवकर पडू नये वाटत असेल तर उन्हात जाताना डोक्यावरून पदर घ्या, क्रीम लावा, हाच काय तो उपाय.

मला राग आला. मी मोबाइलमधला मालाचा साखरपुड्याचा फोटो दाखवला. "ही माझी बहीण. आईच्याच लेपाने झालंय." त्यांनी फोटो मोठा करून पाहिला. म्हणाल्या, "एवढ्या खळखळून हसतायत, पण कपाळ आणि डोळ्यांच्या कडा जागच्या जागी आहेत. हे लेपाने होत नाही काकू. यांनी इंजेक्शनं घेतलेली दिसतात. त्याने स्नायू सैल पडतो, चार महिन्यांनी पुन्हा घ्यावी लागतात."

मी फोन ओढून घेतला. शिकलेल्या लोकांना आईचं औषध म्हटलं की पोटात दुखतं. माला सुईला एवढी घाबरते की लहानपणी लशीच्या वेळी गोठ्यात लपून बसली होती.

११ एप्रिल

मालाला डॉक्टरीणबाईंचं सांगितलं नाही. तिला वाईट वाटेल. एवढंच म्हटलं की तोंड भाजलं. ती म्हणाली, "अक्का, बंद कर आता तो लेप." मी म्हटलं, आईचा आहे, बंद कसा करू? लिंबू नाही घालणार. ती म्हणाली, "बरं, ठेवते, दारावर कोणीतरी आलंय." बेल काही मला ऐकू आली नाही.

२४ एप्रिल

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, पिंपळनेरला जायचं. आई गेल्यानंतरची पहिली आखाजी. तिच्या नावाची घागर भरायची आहे. मी ठरवलंय, घागरीशेजारी सांजोऱ्या, आमरस ठेवतात तशी तिच्याच वाटीत तिचाच लेप कालवून ठेवायचा. प्रेमराजच्या बायकोला विचारलं, ती म्हणाली ठेवा ना अक्का, त्यात काय. मालाला सांगितलं नाही. तिला तिथेच दिसू दे.

१ मे, पिंपळनेर

काल आखाजी झाली. आज सगळे झोपलेत दुपारचे, मी ओसरीवर बसून लिहितेय. लिहिलं नाही तर डोकं फुटेल.

घागर मांडली, वर खरबूज ठेवलं, बाजूला सांजोऱ्या. मी वाटी ठेवली, लेपाने भरलेली. प्रेमराजने निखाऱ्यावर घास-तुपाची आगारी टाकली, सगळे पाया पडले. मग भिकुबाई मावशी पुढे आली. आईची धाकटी बहीण, पाठीतून वाकली आहे पण नजर घारीची. वाकली, आणि पाया पडायच्या ऐवजी वाटीकडेच बघत राहिली.

"हाई मिसरीनी वाटी आठे कसाले ठेई वं?"

मी म्हटलं, मावशी, ही आईची लेपाची वाटी. मावशी हसायलाच लागली. "कसाना लेप? तुनी मायनी मिसरीनी वाटी शे ती! धुयाले मी तिनाजोडे महिनाभर राहेल ना. डाक्टर मिसरी बंद कर म्हने, म्हनीसन हाई उशीखाले दपाडी ठेये ती. रोज सकायले माले म्हने, दार लोटी ले भिकु." आई उशीखाली लपवायची ती दातांना घासायची जळकी तंबाखू, तिची वाटी! सगळ्या बायका हसल्या. मीही हसले असेन. मग मावशीने बोट बुडवून वास घेतला आणि तोंड वाकडं केलं. "अन् यामा जवस? घागरजोडे? तिले जवसना वास तरी चाले का? तुनी मायनी जलममा तोंडले काही लायं नही."

मी मालाकडे बघितलं. ती घागरीकडे बघत होती. चेहऱ्यावर काही नाही. काहीच नाही, कपाळ गुळगुळीत. आणि मला ते लाल ठिपके आठवले, ओळीने.

मागच्या पडवीत नेलं तिला. बाहेर पोरी झोक्यावर गाणी म्हणत होत्या, त्यामुळे मोठ्याने बोलावं लागलं.

"नाशिकला दातांसाठी जातेस?"

"अक्का, तू सगळ्यांसमोर विचारलंस. माझ्या जावा उभ्या होत्या. काय सांगणार होते, टोचून घेते म्हणून? तोंडाला आलं ते बोलले."

"मग नंतर सांगायचं. मला एकटीला. मी काय तुझ्या जावांना जाऊन सांगितलं असतं?"

"सांगणार होते. पण आईचा म्हटल्यावर तू इतकी खूश झालीस. रोज फोन करायचीस, आई काय म्हणायची, आई कशी करायची. मला वाटलं, असू दे, हिला बरं वाटतंय."

"आणि वाटी?"

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळायला लागली.

"वाटी मिसरीची आहे हे तुला ठाऊक होतं. घासून घे म्हणालीस."

"मिसरीची होती म्हणूनच म्हणाले ना. तोंडाला लावणार होतीस तू."

ती हे अगदी साधेपणाने म्हणाली. माझ्या तोंडाची काळजी. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण कपाळ हलेना, भुवया हलेनात. ती खरंच रडते आहे की नुसतं पाणी येतंय ते मला कळेना. माझ्या सख्ख्या बहिणीचं तोंड मला वाचता येईना.

मग मावशी काठी टेकत आली. माझी हनुवटी धरून तोंड उजेडात फिरवलं. "काय डाग पडनात वं. आनि ह्या आठ्या दख, बठ्ठं तोंड तुनी मायनंच शे." सगळ्यांनी हो हो म्हटलं. माझी समजूत काढत होत्या. मला आईचं तोंड नको होतं. ते मला न मागताच मिळालं आहे. मला तिचा एक शब्द हवा होता, आणि मी तीन महिने मालाचे शब्द आईचे म्हणून जपून ठेवले. "मन लावून केलं की होतं." इथे लिहूनसुद्धा ठेवलं आहे.

२ मे, जळगाव

बसमध्ये वाटी पिशवीत होती. मांडीवर घेतली नाही.

९ मे

मालाचे फोन येतात. घेत नाही. हे म्हणाले, "एवढ्याशा लेपावरून?" मी म्हटलं, लेपावरून नाही. "मग कशावरून?" सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, एवढ्याशा वाटीवरून.

२० मे

डिंपल आली. तिच्या बहिणीची हळद आहे, "काकू, आजींचा लेप करून द्या ना." मला सांगायचं होतं की तो माझ्या आईचा नाही, माझ्या बहिणीने उभ्या उभ्या रचलेला आहे, आणि तिने स्वतः तो एकदाही लावला नाही. पण मग बहिणीने असं का केलं हे सांगावं लागलं असतं. मी म्हटलं, "लिंबू घालू नकोस म्हणजे झालं." "आजींचा" हा शब्द मी खोडला नाही. दार लावून घेतलं आणि स्वतःचाच राग आला. खोटं तिने बोलावं आणि ते सांभाळायचं मी.

१८ जुलै

आज माला आली, न कळवता. दारात उभी. मी आधी तिच्या कपाळाकडेच बघितलं. बारीक बारीक रेघा दिसायला लागल्यात. म्हणाली, "सोडलं मी ते. पुन्हा गेले नाही." मी तिला आत घेतलं.

चहा केला. ती रडायला लागली आणि या वेळी कपाळावर आठ्या उमटल्या, तीन, भुवया वर चढल्या, तोंड वेडंवाकडं झालं. खरी रडत होती, आता कळत होतं. मला वाटलं होतं, हे कळलं की माझा राग जाईल. गेला नाही. मी तिला पाणी दिलं.

मग तिने पर्समधून कागदाची पुडी काढली. मिसरी. धुळ्याच्या बाजारातून मुद्दाम आणलेली. "वाटीत घालून ठेव अक्का. चार दिवसांत मुरेल. तसाच वास येईल बघ."

तसाच! तिला अजूनही वाटतं की आईच्या नावाने काहीही आणून दिलं की मी घेईन. मी पुडी तशीच तिच्या पर्समध्ये ठेवली आणि पर्सची चेन लावली. ती म्हणाली, "मग मी काय करू, सांग." मी म्हटलं, "जेवलीस का?" आणि ते आईचंच होतं हे तोंडातून गेल्यावर कळलं. ताट वाढायला घेतलं.

जेवली. चारच्या बसने गेली.

ती गेल्यावर कपाटातून वाटी काढली. त्या दिवशी बसमध्ये पारोळ्यापर्यंत मांडीवर होती तेव्हा तिच्यात आई होती, आणि मी त्या वासाला करपट म्हणून नाक मुरडलं होतं. आज नाकाशी धरून पुन्हा पुन्हा हुंगली. थोडा चिंचेचा वास येतो, थोडा लिंबाचा.